सुजलेल्या हाताचं हलकं मालिश: लिम्फॅटिक ड्रेनेज कुणी करावं, कसं करावं, कुणी टाळावं

गोव्यात वाळपईला आत्याच्या घरी काजूचा हंगाम चालू होता. मी गेले तेव्हा ती पडवीत बसून बिया निवडत होती. उजव्या हातातली पाटली तिने काढून ठेवलेली. "चढतच नाही गं आता," म्हणाली. मनगटावर काकणाचा खोल वळ होता. मी तिथे अंगठा दाबून उचलला तर खड्डा पडला आणि तो बराच वेळ भरला नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तिला दीड वर्ष झालं होतं, काखेतल्या गाठी काढल्या होत्या, किरणोपचारही झाले होते. हात जड होतोय हे तिला दोन महिने जाणवत होतं, पण कामाने होत असेल म्हणून ती गप्प राहिली होती.

मग कुणीतरी सुचवलं आणि बाळंतिणींना चोळणाऱ्या एका बाईला बोलावलं. तिने कोमट खोबरेल घेऊन दंडापासून बोटांपर्यंत हात मनापासून रगडला. मनगटाजवळ काजूच्या चिकाने भाजलेली जागा होती, तीही चोळली गेली. दुसऱ्या संध्याकाळी हात लालबुंद झाला, हाताला चटका बसावा इतका तापला, आणि आत्याला हुडहुडी भरून ताप आला. पुढचे चार दिवस इस्पितळात शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्या बाईचा काही दोष नाही, तिने मायेनेच केलं. सुजलेल्या हाताला आपलं नेहमीचं मालिश चालत नाही, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्याला आता सहा वर्षं झाली. फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं हलकं मालिश, म्हणजेच लिम्फॅटिक ड्रेनेज, आणि त्याच्या बरोबरीची बाकी काळजी आम्ही तेव्हापासून रोज करतो. ज्यांच्या घरी असा हात किंवा पाय आहे, त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आत नेमकं काय तुंबतं

रक्ताच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांमधून पाणी आणि थोडी प्रथिनं पेशींच्या आजूबाजूला सतत झिरपत असतात. रोजचा हा काही लिटर द्रव परत रक्तात न्यायचं काम लसिका (लिम्फॅटिक) वाहिन्या करतात. त्यांतल्या सगळ्यात बारीक वाहिन्या अगदी कातडीखाली असतात. पुढे त्या जाड होतात, वाटेत काख, मान, जांघ, पोट अशा ठिकाणी लसिकेच्या ग्रंथी, म्हणजे गाठी, लागतात, आणि शेवटी गळ्याच्या मुळाशी, कॉलरबोनच्या मागे, सगळा द्रव मोठ्या शिरेत रिकामा होतो. दोन्ही पाय, पोट आणि डावा हात यांचा द्रव डावीकडे उतरतो, उजव्या हाताचा उजवीकडे.

गोव्यातल्या माणसाला हे समजायला खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, पुरते. बांधातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, पाहिली असेल: भरतीचं पाणी आत शिरू लागलं की तिची लाकडी दारं आपसूक मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. लसिका वाहिन्यांमध्येही अशाच एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, आणि झडपांमधला वाहिनीचा तुकडा स्वतः आकुंचन पावून द्रव पुढे ढकलतो. काखेतल्या गाठी काढल्या किंवा किरणांनी आक्रसल्या, की बाहेर जायची मानसच बुजली असं समजा. द्रव मागे तुंबतो. त्यात प्रथिनं असल्याने पुढे तिथे चरबी आणि जाड तंतू वाढतात, आणि सुरुवातीला बोटाने दबणारी सूज टणक होत जाते. हाच लिम्फेडेमा.

मालिश हलकं का, याचं उत्तरही इथेच आहे. कातडीखालच्या बारीक वाहिन्यांची भिंत आजूबाजूच्या तंतूंना धाग्यांनी बांधलेली असते. कातडी हळुवार ताणली की ते धागे ओढले जातात, पेशींमधल्या फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. जोरात रगडलं की त्या वाहिन्या चेपतात, वर रक्तपुरवठा वाढून तिथे आणखी द्रव झिरपतो. आत्याच्या हाताचं नेमकं हेच झालं.

ही पद्धत एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या डॅनिश जोडप्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली आणि १९३६ साली पॅरिसमध्ये मांडली. पुढे जर्मनीत मायकेल फोल्डी यांनी तिला दाब देणाऱ्या पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड दिली. इस्पितळांमध्ये आज जी शिकवतात ती ही जोडलेली पद्धत. एकटं मालिश कुणीच शिकवत नाही.

आधी ओळखा: सूज कसली आहे

सूज दिसली म्हणून लगेच मालिश सुरू करू नका. दोन्ही पायांचे घोटे संध्याकाळी सुजत असतील तर कारण हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, शिरांचे दोष यांपैकी काहीही असू शकतं. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ही गोळी घेणाऱ्या कितीतरी लोकांचे घोटे त्या गोळीनेच सुजतात, आणि ती बदलली की उतरतात. तिथे मालिशचं काय काम?

एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखते, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशा पायाला कुणालाही हात लावू देऊ नका, सरळ इस्पितळ गाठा.

पायाच्या लिम्फेडेमासाठी डॉक्टर एक साधी खूण पाहतात, ती तुम्हीही पाहू शकता. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत पकडायला बघा. निरोगी पायाची घडी उचलता येते. लिम्फेडेमात ती जाड होऊन चिमटीत येत नाही. मात्र सुरुवातीच्या काळात ही खूण नसली तरी आजार असू शकतो.

गोव्यात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, तो हत्तीरोगाचा. देशात ज्या भागांत हा रोग होता त्यांत आपलाही भाग होता. घाणेरड्या साचल्या पाण्यातले क्युलेक्स डास तो पसरवतात, आणि त्याचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्री उतरतात. जुन्या लोकांना रात्री दारात येऊन बोटातलं रक्त नेणारे आरोग्य कर्मचारी आठवत असतील, ते याचसाठी. २००४पासून देशभर वर्षातून एकदा गोळ्या वाटायची मोहीम सुरू झाली. पण ज्यांच्या वाहिन्या आधीच बिघडल्या त्यांची सूज गोळ्यांनी जात नाही. घरात जुना सुजलेला पाय असेल तर "म्हातारपणाचं" म्हणून सोडून न देता आरोग्य केंद्रात दाखवा.

कर्करोगाच्या रुग्णाला बऱ्याच काळाने अचानक सूज आली किंवा आहे ती झपाट्याने वाढली, तर आधी मूळ डॉक्टरांकडे. आजार परत आला नाही ना, हे तपासल्याशिवाय मालिश नको.

फायदा किती, पुरावा काय सांगतो

स्तनाच्या कर्करोगानंतर साधारण पाचांतल्या एका बाईचा हात सुजतो. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर धोका सुमारे २० टक्के, फक्त पहिली-दुसरी पहारेकरी (सेंटिनेल) गाठ, म्हणजे द्रव सगळ्यात आधी जिथे पोचतो ती, काढली असेल तर ६ टक्क्यांच्या आत. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच "किती गाठी काढणार" हे विचारून घ्यावं.

मालिशबद्दल सगळ्यात काळजीपूर्वक केलेला आढावा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१५चा. त्यात ६ अभ्यास आणि २०८ स्त्रिया होत्या. नुसत्या पट्ट्या बांधून सूज ३० ते ३८ टक्क्यांपर्यंत उतरली. त्यात मालिशची भर घातल्यावर आणखी सुमारे ७ टक्के. हा जादा फायदा सौम्य ते मध्यम सूज असलेल्यांना जास्त मिळाला, आणि मालिशने कुणाला इजा झाली नाही. पुढे २०२२मध्ये बेल्जियममधल्या १९४ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात सगळ्यांना पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा दिली, आणि काहींना खरं, तर काहींना नावापुरतं मालिश. सूज दोन्हीकडे उतरली, म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

सूज येऊच नये म्हणून मालिश करावं का, यावर दोन अभ्यास उलटसुलट बोलतात. स्पेनमधल्या १२० स्त्रियांच्या अभ्यासात, २०१०मध्ये, लवकर फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी ७ टक्क्यांना सूज आली आणि बाकीच्यांपैकी २५ टक्क्यांना. पण त्या फिजिओथेरपीत खांद्याचे व्यायाम आणि व्रणाचं मालिशही होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी बेल्जियममध्ये १६० रुग्णांत फक्त लिम्फॅटिक मालिशची भर घालून पाहिली. वर्षभराने त्यांच्यातल्या २४ टक्क्यांना सूज होती आणि मालिश न केलेल्यांतल्या १९ टक्क्यांना. म्हणजे नुसत्या मालिशने प्रतिबंध होत नाही.

हे आकडे मी मुद्दाम पुढे ठेवते, कारण घरोघरी चूक एकच होते. मालिशला पैसे आणि वेळ दिला जातो आणि पट्टी कपाटात पडून राहते. आत्याचंही पहिली दोन वर्षं तसंच होत होतं. पट्टी उकाड्यात नकोशी वाटायची, मालिश मात्र हवंसं. माझं मत स्पष्ट आहे: दिवसाला अर्धा तासच मिळत असेल तर तो आधी पट्टी, मग व्यायाम, मग त्वचेची निगा यांना द्या, आणि उरलेला मालिशला. तरीही आम्ही मालिश सोडलेलं नाही. त्याने आत्याचं जडपण कमी होतं, कातडी मऊ राहते, आणि रोज हातावरून हात फिरतो म्हणून नवीन लाली, ओरखडा, टणक जागा लगेच सापडते.

आता स्पाच्या पाट्यांबद्दल. किनारपट्टीवर, आणि हल्ली पणजी-म्हापशातही, लिम्फॅटिक ड्रेनेजने वजन घटेल, चरबी वितळेल, शरीरातली विषं निघून जातील असं लिहिलेलं दिसतं. चरबी लसिका वाहिन्यांतून चोळून बाहेर निघत नाही. शरीरातली टाकाऊ द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंडं काढतात. चेहऱ्याची सकाळची सूज मालिशने काही तास उतरलेली दिसते, ती उठून हिंडल्यावरही उतरते. निरोगी माणसाने आराम वाटतो म्हणून घेतलं तर हरकत नाही. पण आजारी माणसाला त्या आशेवर तिथे नेऊ नका. लायपोसक्शन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यायचं असेल तर ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली त्याचीच परवानगी हवी, आणि टाक्यांतून कुणी द्रव दाबून काढू लागलं तर तिथेच थांबवा.

कुणी करू नये

हा भाग घाईत वाचू नका.

हाता-पायाला लाली, उष्णता, दुखणं आणि ताप असेल तर तो कातडीखालचा जंतुसंसर्ग आहे. मालिश बंद, पट्टी दुखत असेल तर तीही काढायची, आणि त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकायचं नाही. संसर्ग पूर्ण आवरल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की पुन्हा सुरू.

शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून मालिश नाही. हृदय अशक्त असून धाप लागत असेल तर नाही, कारण मालिशने हललेला सगळा द्रव शेवटी हृदयाकडेच जातो आणि त्याला तो झेपत नाही. मूत्रपिंडं काम करत नसतील तरी तेच. कर्करोगावर उपचार चालू असताना कर्करोगाच्या गाठीच्या जागेवर, किंवा किरणोपचाराने कातडी सोललेली असताना त्या जागेवर हात लावू नये. मालिशने कर्करोग पसरतो अशी भीती पुष्कळांना असते. तसा पुरावा नाही, पण आजार चालू असताना निर्णय कर्करोगतज्ज्ञांचाच.

मानेची पायरी (खाली दिलेली दुसरी, गळ्याजवळची) काहींनी वगळायची असते: थायरॉइड वाढलेलं असणारे, मानेच्या मोठ्या धमनीत अडथळा असणारे, हृदयाचे ठोके अनियमित असणारे. वय साठीच्या पुढे असेल तर मानेला हात लावण्याआधी विचारून घ्यावं. गरोदरपणी आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरचं मालिश नाही.

घरी करायचं मालिश, पायरीपायरीने

पुढचा क्रम उजवा हात सुजलेला आणि उजव्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत असं धरून लिहिला आहे. डावा हात असेल तर बाजू उलटवा. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा, कारण दाब किती हे वाचून कळत नाही. कुणाच्या गाठी कुठे काढल्या यावर वाटही बदलते.

तयारीला पंधरा-वीस मिनिटांची निवांत वेळ, सैल कपडे आणि धुतलेले कोरडे हात एवढंच लागतं. नखं कापलेली हवीत. तेल घ्यायचं नाही. तेलाने हात कातडीवरून घसरतो, आणि आपल्याला तर कातडी हातासोबत सरकायला हवी.

दाबाचा अंदाज घ्यायला मी नव्यांना एक गोष्ट करायला सांगते. बंद पापणीवर बोट ठेवा आणि पापणी थोडीशी बाजूला सरकवा. डोळ्याला दाब जाणवता कामा नये. एवढाच जोर. कातडी जाईल तितकी सरकवायची आणि मग सोडून द्यायची, ती आपली आपण परत येते. ही सोडायची वेळही तितकीच महत्त्वाची, कारण वाहिनी तेव्हाच भरते. एका हालचालीला दोन-तीन सेकंद द्या. मालिश झाल्यावर कातडी लाल दिसली तर जोर जास्त झाला.

सुरुवात श्वासाने. आडवं पडा किंवा टेकून बसा, हात पोटावर ठेवा आणि पाच वेळा खोल श्वास घ्या, पोट वर येईल असा. छातीतल्या मोठ्या लसिका वाहिनीला या श्वासाचा पंप मिळतो. आत्याला ही पायरी फालतू वाटायची आणि ती गाळायची. तसं करू नका.

दुसरी पायरी गळ्याजवळ. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात दोन्ही बाजूंना बोटांचे सपाट पेर ठेवा आणि कातडी खाली-आत अशी हळू सरकवून सोडा. दहा वेळा. शेवटची मानस इथे आहे, ती आधी मोकळी करायची. हातावरून सुरुवात केली तर पाणी बंद दारावर नेऊन आदळल्यासारखं होतं. त्यामुळे सुजलेल्या भागाला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

तिसरी, डावी म्हणजे निरोगी काख. तळहात काखेत सपाट ठेवून कातडी वर आणि आत सरकवायची, दहा वेळा. मग उजवीकडची जांघ. पोट आणि मांडी जिथे जुळतात त्या घडीवर तसंच दहा वेळा. उजव्या काखेची वाट बुजलेली आहे, तेव्हा आपण द्रवाला या दोन दुसऱ्या वाटा दाखवतो आहोत.

चौथी पायरी त्या वाटांवरून. छातीवर, उजवीकडून डाव्या काखेकडे, तळहाताने कातडी थोडी-थोडी सरकवत न्या. आधी डाव्या काखेजवळचा भाग, मग मधला, मग उजवीकडचा. पाच-सात फेऱ्या. मग बरगडीच्या उजव्या कडेने, काखेपासून जांघेपर्यंत, तसंच खाली. इथेही जांघेजवळचा भाग आधी. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही. घरातलं कुणी असेल तर त्याने पाठीवरूनही उजवीकडून डावीकडे असंच न्यावं. व्रणाची जागा दुखत असेल तर ती टाळून वरून जा.

पाचवी पायरी, आता हात. हात उशीवर, खांद्याच्या उंचीला. पहिल्यांदा खांद्याचा गोल भाग, तिथून छातीकडे. मग दंड: आतल्या बाजूची कातडी बाहेरच्या बाजूकडे वळवायची आणि बाहेरून वर खांद्याकडे न्यायची, कारण आतून वर गेलं की द्रव थेट बुजलेल्या काखेत पोचतो. कोपराची घडी, मग कोपर ते मनगट, मग पंजाची पाठ, शेवटी एकेक बोट. प्रत्येक नवा भाग झाला की तिथून खांद्यापर्यंत एकदा वर नेऊन सोडायचं. टणक जागा लागली तर जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या.

शेवटी पुन्हा छातीवरची वाट तीन-चार वेळा, गळ्याचे खळगे आणि पाच श्वास. मग कातडीला साधं सुगंध नसलेलं क्रीम लावून, ते मुरल्यावर स्लीव्ह, म्हणजे हाताला दाब देणारी मापाची बाही, चढवायची. मालिश करून हात उघडा ठेवला तर थोड्या वेळात द्रव परत भरतो आणि केलेलं वाया जातं.

पायासाठी क्रम तोच: श्वास, गळा, जांघ, मग मांडी, गुडघ्याची मागची बाजू, पोटरी, घोटा, पाऊल. जांघेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्याच बाजूच्या काखेकडे वाट न्यावी लागते. ती मात्र तज्ज्ञाकडूनच शिका.

पट्टी, व्यायाम आणि गोव्यातला पावसाळा

सूज जास्त असेल तर पहिले दोन ते चार आठवडे तज्ज्ञ जवळजवळ रोज मालिश करून थरांची पट्टी बांधतात. ही पट्टी कमी ताणली जाणारी असते. मुरगळलेल्या पायाला बांधतो ती क्रेप बँडेज तिच्याऐवजी चालत नाही. सूज उतरून स्थिरावली की मापाची स्लीव्ह किंवा स्टॉकिंग. माप सकाळी द्यावं. रोज धुवून सावलीत वाळवायची, म्हणून दोन लागतात, आणि साधारण सहा महिन्यांत ताण कमी झाला की नवी घ्यायची. मधुमेह असलेल्यांनी आणि तंबाखू ओढणाऱ्यांनी पायाला घट्ट पट्टी बांधण्याआधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा.

पट्टीचा आणखी एक फायदा २०२०च्या एका अभ्यासात दिसला. पाय सुजलेल्या आणि वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या ८४ रुग्णांत, पट्टी वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना संसर्ग परत झाला, न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांना. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला.

व्यायामाला घाबरू नका. "त्या हाताने काही उचलू नको" हा सल्ला आत्याला जो येईल तो द्यायचा. २००९मध्ये सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरच्या अभ्यासात हळूहळू वाढवत वजन उचलल्याने सूज वाढली नाही, आणि ती अचानक बळावण्याचं प्रमाण २९वरून १४ टक्क्यांवर आलं. स्लीव्ह घालून, अर्ध्या किलोपासून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली सुरुवात करा. वजन आटोक्यात ठेवणंही औषधासारखंच, कारण लठ्ठपणाने धोका वाढतो.

सगळ्यात जास्त घात मात्र कातडीच्या बारीक भोकांतून होतो. सुंगटं (कोळंबी) सोलताना डोक्याचं टोक बोटात जातं, शिंगाळ्या माशाचा काटा टोचतो, आदोळीवर (विळीवर) नारळ कातताना अंगठा कापतो, काजूच्या चिकाने कातडी भाजते. अशा कामाला रबरी हातमोजे घाला. लागलंच तर लगेच साबणाने धुवून जंतुनाशक लावा आणि दोन दिवस लक्ष ठेवा. चवथीला नेवऱ्या (करंज्या) तळायला तासन्‌तास चुलीजवळ बसल्यावर आत्याचा हात हमखास वाढतो, म्हणून आता ती नेवऱ्यांच्या कडा दुमडायला बसते आणि तळायचं दुसऱ्याकडे देते.

पाय सुजलेल्यांसाठी पावसाळा कठीण. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की त्यातून जंतू आत जातात, आणि हत्तीरोगाच्या रुग्णांना वारंवार थंडीताप येतो तो बहुतेक वेळा यातूनच. रोज साध्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवा, प्रत्येक बेचकं मऊ कापडाने टिपून कोरडं करा, चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं मलम लावा. लावणीला शेतात उतरायचं असेल तर गमबूट. बसताना पाय स्टुलावर. हत्तीपायासाठी या धुण्या-पुसण्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही.

सुजलेल्या हातावर सुई आणि रक्तदाबाचा पट्टा अजिबात नको, असं आम्हाला सांगितलं होतं. नंतरच्या अभ्यासांत त्याने धोका फारसा वाढताना दिसला नाही. तरी दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा. मात्र तातडीच्या वेळी यावरून नर्सशी वाद घालत बसू नये.

माप आणि माणूस

मनगटापासून वर दर ४ सेंटिमीटरवर पेनाने ठिपका करा आणि शिंप्याच्या टेपने दोन्ही हातांचा घेर मोजा. टेप कातडीला टेकेल इतकीच, आवळायची नाही. दर रविवारी, आंघोळीच्या आधी, वहीत लिहून ठेवा. एखाद्या जागी दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक आला तर दाखवायला जा. आत्याच्या कोपराखाली सुरुवातीला साडेचारचा फरक होता, आता तो दीडवर आहे. शून्यावर कधी येणार नाही, हे तिने आता मान्य केलं आहे.

शिकवणारा माणूस निवडताना कर्करोग विभागाकडूनच फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी मागा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात विचारणा करायला काहीच लागत नाही. लिम्फेडेमाचं वेगळं शिक्षण घेतलं आहे का, हे विचारा. जगभर मान्य असलेला अभ्यासक्रम १३५ तासांचा असतो, दोन दिवसांच्या शिबिराने हे येत नाही. तो माणूस दोन्ही हात मोजतो का, पट्टीबद्दल बोलतो का, हृदय-मूत्रपिंडाचं विचारतो का ते बघा. यातलं काहीच न विचारता तेल हातावर ओतलं तर उठून या. पायाचा जुना हत्तीरोग असेल तर रेल्वेने जाता येईल अशा कासरगोडला, केरळात, इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी ही संस्था आहे. तिथे आयुर्वेद, योग आणि आधुनिक उपचार एकत्र करून लिम्फेडेमावर काम चालतं.

आत्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, कोणत्या साली, कोणतं अँटिबायोटिक सोसत नाही, नेहमीच्या गोळ्या, शेवटचं माप. खाली मोठ्या अक्षरात: लाली आणि थंडी वाजली तर सकाळची वाट न बघता निघायचं, पाटली काढायची, पेनाने लालीची कड आखायची आणि वेळ लिहायची. दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री अकराला याच कागदावरून निघालो होतो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी आखलेली रेघ बघितली, लाली तिच्या दोन बोटं पुढे सरकली होती, आणि दहा मिनिटांत इंजेक्शन सुरू झालं.